चाचणीपुरतं पाणी, मुक्कामाला कूलंट

दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये पडून असलेलं जुनं इंजिन पुन्हा चालू करायचं ठरलं, की ऑइल कुठलं घालायचं, बॅटरी कोणती लावायची यावर फारशी खडाखडी होत नाही. वाद पेटतो तो रेडिएटरचं झाकण उघडल्यावर. एक पक्ष म्हणतो, पहिल्या चाचणीला साधं पाणीच घाला; कुठे गळलं तर पाणी जाईल, महागडं कूलंट नाही. दुसरा म्हणतो, तासाभरासाठीसुद्धा साधं पाणी नको, गंजाची सुरुवात तिथूनच होते. तिसरा पक्ष लहान आहे, पण ठाम आहे. त्याच्या मते पाणी हेच सगळ्या दुखण्याचं मूळ, तेव्हा बिनपाण्याचं कूलंट भरा आणि मोकळे व्हा.

विंटेज मोटारी, जुने ट्रॅक्टर, शेतावरची डिझेल इंजिनं, एवढंच काय, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची इंजिनं जपणारी माणसं या प्रश्नावर कित्येक दशकं भांडत आली आहेत. तिन्ही पक्षांकडे खरा पुरावा आहे, म्हणूनच भांडण मिटत नाही. तो पुरावा एकत्र मांडून तपासला तर मात्र एक गोष्ट स्पष्ट होते: हा वाद कोणता द्रव चांगला याचा कमी आणि तो इंजिनात किती वेळ राहणार याचा जास्त आहे.

हिवाळ्यातून आलेला प्रश्न

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ओतीव लोखंड ताणलं जात नाही, ते तडकतं. थंड देशांत एका रात्रीत ब्लॉकला उभी चीर पडायची ती यामुळे. ब्लॉकच्या कडेला बसवलेली पत्र्याची गोल बुचं अशा वेळी बाहेर फेकली जातात आणि ब्लॉक वाचतो, असं अनेक जण मानतात. खरं तर ओतकामातली रेती बाहेर काढायला ठेवलेली भोकं बंद करण्यासाठी ती बुचं असतात. त्यांनी ब्लॉक वाचवला तर नशीब. त्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

सुरुवातीचे मोटारवाले यावर साधे उपाय करायचे. रात्री पाणी काढून टाकायचं, सकाळी पुन्हा भरायचं. नाहीतर बॉनेटखाली रॉकेलचा छोटा दिवा ठेवायचा. नंतर पाण्यात काहीबाही मिसळणं सुरू झालं. मिथेनॉल स्वस्त होतं, पण ते ६५ अंशांना उकळतं आणि इथाइल अल्कोहोल ७८ अंशांना. इंजिन तापलं की अल्कोहोल हळूहळू उडून जायचं आणि राहिलेलं पाणी पुढच्या कडाक्यात गोठायचं. कॅल्शियम क्लोराइडनं गोठणं टळायचं, पण धातू खाल्ला जायचा. ग्लिसरीन दाट पडायचं. मध घालण्याचेही प्रयोग झाले.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अडॉल्फ व्युर्त्झ यांनी एथिलीन ग्लायकॉल १८५० च्या दशकातच तयार केलं होतं. रेडिएटरसाठी ते बाजारात आलं ते १९२० च्या दशकात. अमेरिकेत १९२७ मध्ये विक्रीला आलेलं ‘प्रेस्टोन’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. योगायोग असा, की १९०८ पासून लाखोंनी रस्त्यावर आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं. म्हणजे आज जिला आपण विंटेज म्हणतो त्या जगातली बरीचशी इंजिनं ग्लायकॉल घरोघरी पोचण्याआधी, साध्या पाण्यावर चालण्यासाठीच बांधली गेली. पाणीवाल्या पक्षाचा हा आवडता मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. मात्र त्या काळी इंजिन दर काही वर्षांनी उघडून साफ करणं नेहमीचं होतं, हे सोबत सांगितलं जात नाही.

शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, पण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं आणि साधारण १०७ अंशांना उकळतं. त्याचा दोष वेगळाच आहे. उष्णता आणि हवा लागली की ग्लायकॉलचं हळूहळू आम्ल बनतं. त्यामुळे त्यात गंजरोधक रसायनं मिसळावी लागतात. ही रसायनं संपलेलं जुनं कूलंट साध्या पाण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं.

महाराष्ट्रातल्या मालकाला कूलंटच्या बाटलीतून नेमकं काय हवंय, ते इथे लक्षात येतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या हिवाळ्यात दवाचे हिमकण होतात, पण तेवढ्यानं इंजिनातलं पाणी गोठून ब्लॉक फुटत नाही. उकळबिंदू थोडा वाढतो, तो फायदाच. पण आपण पैसे मोजतो ते मुख्यतः गंजरोधकासाठी.

पाण्याच्या बाजूचा पुरावा

उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याला तोड नाही. ८० अंशांच्या आसपास एक लिटर पाणी जेवढी उष्णता सामावतं, तेवढ्याच आकारमानाचं निम्मं-निम्मं मिश्रण त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी सामावतं. त्याची उष्णतावाहकता साधारण एक तृतीयांशानं कमी असते आणि दाटपणा दुप्पट-तिप्पट. वॉटर पंप असलेल्या इंजिनात हा फरक खपून जातो. मॉडेल टीसारख्या थर्मोसायफन इंजिनात पंपच नसतो. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, थंड पाणी खाली येतं आणि तेवढ्या बळावर सगळा प्रवाह चालतो. तिथे दाट द्रव घातला की फरक जाणवतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आकाशातलं आहे. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांमधल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शुद्ध ग्लायकॉल भरलं जायचं. उकळबिंदू चढा, म्हणून रेडिएटर लहान चालतो, हा हिशेब. पण ग्लायकॉल पेट घेऊ शकतं, सांध्यांतून गळतं आणि उष्णता वाहण्यात कमी पडतं. पुढे स्पिटफायरच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या मर्लिन १२ मध्ये ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल दाबाखाली खेळवायला सुरुवात झाली. ज्यांच्याकडे पैशांची ददात नव्हती आणि चूक झाली तर वैमानिकाचा जीव जाणार होता, ते अभियंतेही शेवटी पाण्याकडेच वळले. फक्त त्यांनी निव्वळ पाणी घेतलं नाही.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनाची हेड गॅस्केट, लायनरची रबरी सीलं, पाण्याची बुचं यांपैकी काय कधी दगा देईल, सांगता येत नाही. पाणी इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरलं तर डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो. ही वाईट बातमी असली तरी निस्तरता येते: इंजिन लगेच बंद करायचं, ऑइल काढायचं, गळती दुरुस्त करायची, नवं ऑइल घालून इंजिन चांगलं तापवायचं आणि तेही ऑइल पुन्हा बदलायचं. उरलासुरला ओलावा वाफ होऊन निघून जातो. ग्लायकॉल असं उडून जात नाही. तापलेल्या ऑइलबरोबर त्याची चिकट, काळपट राळ बनते. ती पिस्टनच्या रिंगा जाम करते, ऑइलची बारीक छिद्रं बुजवते, आणि तिच्यातून तयार होणारी आम्लं बेअरिंगच्या मऊ धातूला लागतात. मग बेअरिंगपर्यंत इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

रेल्वेवाल्यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. उत्तर अमेरिकेत कडाक्याची थंडी असूनही तिथल्या डिझेल लोकोंमध्ये सर्रास ग्लायकॉल न घालता गंजरोधक मिसळलेलं पाणीच वापरलं जातं. हजारभर लिटरच्या आसपास कूलंट मावणाऱ्या इंजिनात ग्लायकॉल ऑइलमध्ये उतरलं तर बेअरिंगांचं काय होईल, ही त्यामागची एक मोठी धास्ती. त्यापेक्षा थंडीत लोको चालूच ठेवणं किंवा पाणी आपोआप सोडून देणारा व्हॉल्व्ह बसवणं त्यांना परवडतं.

मोटार शर्यतींचा नियम वेगळ्या कारणासाठी पाण्याच्या बाजूनं जातो. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर रस्ता निसरडा होतो आणि सहज धुतला जात नाही, म्हणून अनेक ठिकाणी शर्यतीच्या गाड्यांना ग्लायकॉलची बंदी असते. पाण्यात थोडं गंजरोधक टाकून त्या बिनघोर धावतात.

पाण्याविरुद्धचा पुरावा, आणि त्याचा हिशेब

पाण्यानं लोखंड गंजतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण किती गंजतं? दहा लिटर पाणी मावणारं इंजिन घ्या. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, म्हणजे सगळ्या पाण्यात मिळून ८० मिलिग्रॅम. हा सगळा प्राणवायू लोखंड गंजवण्यात खर्ची पडला तरी जेमतेम १९० मिलिग्रॅम लोखंड गंजेल, पाव ग्रॅमसुद्धा नाही. शिवाय पाणी तापलं की त्यातला बराच प्राणवायू बाहेर पडतो. एकदाच भरलेलं आणि तासाभरात तापलेलं पाणी ब्लॉकचं काही बिघडवू शकत नाही.

हाच हिशेब चुन्याचा. बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम धरली तर दहा लिटरमध्ये ४ ग्रॅम चुना आला. सगळा चिकटला तरी तो एवढाच. याउलट विहिरीवरच्या कित्येक डिझेल इंजिनांना पंपाच्या पाण्याची एक धार जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून, फिरवून पुन्हा बाहेर सोडलेली असते. अशा इंजिनातून तासाला ५०० लिटर पाणी गेलं असं समजा. म्हणजे तासाला २०० ग्रॅम चुना जॅकेटमधून जातो. त्यातला थोडाच चिकटतो, पण तो रोज चिकटतो. तोही सगळीकडे सारखा बसत नाही. कठीण पाण्यातली बायकार्बोनेटं तापल्यावर फुटतात, म्हणून चुना नेमका सर्वांत गरम भिंतीवर साचतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ आणि दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. तिथे चुन्याचा थर बसला की लोखंडाची उष्णता पाण्याला मिळत नाही, आणि तापमानाचा काटा नीट दाखवत असतानाही हेड तडकू शकतं.

म्हणजे एका भरणीनं होणारं नुकसान नगण्य. ते वाढतं तीन प्रकारांनी. पहिला, रोज थोडं थोडं पाणी वरून भरण्यानं. प्रत्येक तांब्याबरोबर नवा चुना आणि नवा प्राणवायू आत जातो. दुसरा, वॉटर पंपाच्या झिजलेल्या ग्लँडमधून हवा ओढली जाण्यानं. तिसरा प्रकार सर्वांत वाईट आणि सर्वांत दुर्लक्षित: चाचणी झाल्यावर पाणी काढून इंजिन तसंच ठेवून देणं.

रिकाम्या जॅकेटच्या भिंतीवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि आता प्राणवायूला मर्यादा नसते, कारण आत नुसती हवा भरलेली असते. ब्लॉकच्या बुडाशी तर पाणी साठूनच असतं. निचऱ्याची तोटी उघडली, धार आली आणि थांबली, की माणसाला वाटतं काम झालं. तोटीच्या भोकात तार घालून ढवळा. बहुतेक जुन्या इंजिनांत आतून भुरकट गाळ सुटतो आणि दाट, तांबड्या पाण्याची दुसरी धार सुरू होते. तो गाळ म्हणजे जुना गंज, चुना आणि कधी कधी कारखान्यातल्या ओतकामाची रेतीसुद्धा. अशा गाळाखाली ओलं राहिलेलं लोखंड कोकणातल्या एका पावसाळ्यात जेवढं खाल्लं जाईल, तेवढं पाण्यावर घेतलेल्या कितीतरी चाचण्यांनी खाल्लं जाणार नाही.

इंजिनात ॲल्युमिनियम असेल तर मात्र सावध राहायला हवं. पद्मिनीचं इंजिन फियाट ११०० च्या घराण्यातलं: ब्लॉक लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याला शिसं-कथलाचा डाग. क्षार असलेलं पाणी या धातूंमध्ये विजेचा मार्ग जोडतं आणि त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. रेडिएटरमधून सुटलेला तांब्याचा अंश ॲल्युमिनियमवर बसला की तिथे खड्डे पडतात. गॅस्केटच्या कडेशी असे खड्डे आधीच असतील तर महिनाभर पाण्यावर चालवणंही महागात पडतं. अँबॅसॅडर किंवा जुनी विलीज जीप यांची हेडं ओतीव लोखंडाची. त्यांची सहनशक्ती जास्त.

उकळण्याचा मुद्दाही पाण्याविरुद्ध जातो. जुन्या गाड्यांचा रेडिएटर वातावरणाला उघडा असे. दाब धरणारं झाकण नंतर आलं. कुकरप्रमाणेच इथेही दाब वाढला की उकळबिंदू चढतो, दर पौंडाला साधारण दीड अंश. उघड्या रेडिएटरला ही सवलत नाही. त्यातच महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणजे घाट चढून आलेल्या गाडीला पाण्याचं पाठबळ कमी मिळतं. जागेवर घेतलेल्या चाचणीत याचा संबंध येत नाही, घाटात येतो.

पाणी कोणतं, कूलंट कोणतं

पाणीवाल्यांमध्येही पोटभेद आहेत. नळाचं गोड पाणी बोअरपेक्षा बरं, कारण चुना कमी. पण त्यात क्लोराइड असतात आणि खड्डे पाडणाऱ्या गंजाला ते मदत करतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी क्षारमुक्त असतं, म्हणून कूलंटमध्ये मिसळायला तेच उत्तम. ते एकटं वापरलं की गंज थांबतो, हा मात्र गैरसमज. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं, आणि गंज रोखणारं त्यात काहीच नसतं. उलट बाजूनं, शुद्ध पाणी भुकेलं असतं आणि धातू ओढून घेतं, असं सांगून ते टाळणंही अतिशयोक्तीचं आहे. घरच्या आरओचं पाणी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतं. तासाभराच्या चाचणीला यांतलं कोणतंही स्वच्छ पाणी चालेल. समुद्रकाठचं मचूळ पाणी तेवढं नको.

कूलंटच्या निवडीत रंगावर जाऊ नये. रंग उत्पादक ठरवतो, आतलं रसायन ठरवत नाही. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी खनिज गंजरोधकं असतात. ती धातूवर पटकन थर धरतात आणि दोनेक वर्षांत संपतात. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली, पाच-पाच वर्षं टिकणारी कूलंटं आली. आधुनिक गाड्यांना ती उत्तम. जुन्या गाड्यांबद्दल मात्र ब्रिटनमधल्या ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या महासंघानं आपल्या सभासदांना सावध केलं होतं, कारण अशी कूलंटं घातल्यावर सील आणि सांधे गळू लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. जुना रेडिएटर शिशाच्या डागाचा असतो, गॅस्केटचे पदार्थ वेगळे असतात. त्यामुळे विंटेज गाडीत खनिज गंजरोधकाचं कूलंट घालणं हाच सुरक्षित मार्ग. प्रमाणाचीही काळजी घ्यावी. पाव हिश्श्याहून कमी कूलंट घातलं तर गंजरोधक इतकं विरळ होतं, की घातल्याचं समाधान तेवढं मिळतं. आपल्या हवेत एक तृतीयांश कूलंट पुरतं. निम्मं घालून उष्णतावाहकता गमावण्याचं कारण नाही.

बिनपाण्याच्या कूलंटवाल्यांचं म्हणणं चूक नाही. पाणी नाही म्हणून प्राणवायूचा गंज जवळजवळ नाही, आणि उकळबिंदू १८० अंशांच्या वर, म्हणून दाबही नाही. वर्षातून चार वेळा रॅलीला निघणाऱ्या आणि एरवी झाकून ठेवलेल्या गाडीला हा पर्याय शोभतो. पण ते दाट असतं, पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहतं, म्हणून हेड जास्त तापतं. भरण्यापूर्वी इंजिनातला पाण्याचा थेंबन्‌थेंब काढावा लागतो, आणि वाटेत गळलं तर कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी घालून घर गाठता येत नाही. पहिल्या चाचणीला ते वापरणं म्हणजे गळणाऱ्या भांड्यात सर्वांत महाग वस्तू ओतणं.

विषाचा मुद्दा पाणीवाले सहसा मांडत नाहीत, पण तो त्यांच्या बाजूचा आहे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. मोठ्या माणसालाही १०० मिलिलिटरच्या आसपास जीवघेणं ठरू शकतं. त्याच्या भावंडाचं, डायएथिलीन ग्लायकॉलचं, नाव मुंबईला चांगलंच ठाऊक आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते निघालं, १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. चाचणीत गळती होणार हे गृहीतच असतं. अंगणात सांडलेलं पाणी वाळून जातं. सांडलेल्या ग्लायकॉलच्या डबक्याला कुत्रं तोंड लावतं, लहान मूल हात घालतं.

पाण्याची चाचणी काय लपवते

इथे पाणीवाल्यांनी थोडं थांबून ऐकायला हवं. पाण्यावर कोरडं राहिलेलं इंजिन कूलंट घातल्यावर गळू लागतं, हा अनुभव गॅरेजमध्ये नवा नाही. याची कारणं आहेत. पाण्याचा पृष्ठताण ग्लायकॉलच्या दीडपट असतो, त्यामुळे ज्या बारीक फटीत पाणी शिरायला नाखूश असतं तिथे मिश्रण सहज पसरतं. पाणी गळलं तरी गरम धातूवर वाळून जातं. कूलंट रंगीत, चिकट डाग मागे ठेवतं, म्हणून तीच गळती डोळ्यांत भरते. आणि वर्षानुवर्षांच्या गंजानं, चुन्यानं बुजलेली भोकं नव्या कूलंटमुळे पुन्हा मोकळी होतात. मग ‘कूलंटनं इंजिन बिघडवलं’ अशी तक्रार होते. वास्तविक इंजिन आधीच गळकं होतं, गाळानं ते झाकलं होतं.

उष्णतेबाबतही तसंच. पाण्यावर काटा मधोमध राहिला म्हणून उद्या मिश्रणावर तो तिथेच राहील, असं नाही. रेडिएटर अर्धा तुंबलेला असेल तर पाणी ते सांभाळून घेतं, मिश्रण घेत नाही.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा आपल्याकडचा रस्त्यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. घाटात अडकलेल्या ट्रकला तो तारतोही. चाचणीत मात्र हळद, किंवा बाजारात मिळणारी गळतीरोधक पूड, कटाक्षानं टाळावी. चाचणी गळती शोधण्यासाठी असते. आणि हळदीला गळतीचं भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांत फरक कळत नाही.

मग क्रम कोणता

सगळा पुरावा जुळवला तर टप्प्यांची एक वाट दिसते, आणि प्रत्येक टप्प्याचा द्रव वेगळा आहे.

इंजिन चालू करण्याआधीच जॅकेट पाण्यानं भरावं आणि रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी बुचं, पंपाची ग्लँड, होस, आणि मुख्य म्हणजे चेंबर पाहावा. चेंबरच्या तळाचा नट थोडा सैल केला की ऑइलआधी पाण्याचे थेंब येतात का, ते कळतं. फर्ग्युसनच्या जुन्या टीई-२० ट्रॅक्टरसारख्या वेट लायनर इंजिनांत ही पायरी वगळूच नये, कारण तिथे पाणी आणि चेंबर यांच्यामध्ये सीलाएवढाच आडोसा असतो. नंतर प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवावं. सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याच्या जागी कूलंट असतं तरी तेच झालं असतं.

पहिली सुरुवातही पाण्यावरच करावी. एक मिनिट बिनपाण्यानं चालवून बघू, हा हट्ट धरू नये. सिलिंडरच्या वरच्या भागाला तापायला मिनिटही लागत नाही, आणि तापलेल्या लोखंडावर नंतर गार पाणी ओतलं तर तिथेच तडा. इंजिन पूर्ण तापू द्यावं, थर्मोस्टॅट उघडू द्यावा, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का आणि डिपस्टिक दुधाळ होते का, ते पाहावं. इंजिन गरम असतानाच बंद करून ते पाणी काढावं. तरंगणारा गाळ त्याच्याबरोबर निघतो, थंड झाल्यावर तो बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावं.

यापुढे थांबायचं नाही. शेवटचं पाणी काढलं त्याच दिवशी एक तृतीयांश कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरावं आणि दुसरी चाचणी, खरी परीक्षा, त्यावर घ्यावी. रेडिएटर उघडा असेल तर वर जागा सोडावी, कारण मिश्रण पाण्यापेक्षा जास्त फुगतं. गळती निघाली तर ती आता हेड आणि सीलं तपासून झाल्यावरची असेल, म्हणजे बाहेरची आणि किरकोळ. इंजिन अजून उघडायचंच असेल, कूलंट एवढ्यात घालायचं नसेल, तर पाण्यात निदान नुसतं गंजरोधक तरी मिसळावं. लेथवर वापरतात ते सोल्युबल ऑइल काही जण शेतावरच्या इंजिनात घालतात. लोखंडाला ते चालतं, पण जुन्या रबरी होस त्यानं फुगतात, आणि पाणी दुधाळ झाल्यामुळे ऑइल पाण्यात उतरलंय का, ते ओळखता येत नाही.

अपवाद दोन. थंड प्रदेशात, मग ते लेह असो वा लंडन, पाण्यावरची चाचणी सकाळी सुरू करून संध्याकाळच्या आत संपवावी. निचरा अर्धवट झाला तर रात्रीत ब्लॉक जातो, म्हणून तिथे सुरुवातीपासून मिश्रण भरणारे चुकत नाहीत. दुसरा अपवाद हॉपरच्या इंजिनाचा. वर उघडा हौद असलेलं, पाणी उकळवूनच थंड राहणारं हे इंजिन गुऱ्हाळावर, गिरणीत चालताना सारखं पाणी पितं. त्यात कूलंट घालण्यात अर्थ नाही, कारण पाणी उडून जातं आणि ग्लायकॉल दाट होत राहतं. त्याला मऊ पाणी द्यावं, हंगाम संपला की हौद पूर्ण रिकामा करून कोरडा करावा, आणि दरवर्षी चुना खरवडावा.

पाणीवाले पहिल्या तासाबद्दल बरोबर आहेत आणि कूलंटवाले त्यानंतरच्या वर्षांबद्दल. दोघांचाही पराभव होतो तो मधल्या काळात: चाचणी यशस्वी झाली, फोटो निघाले, पाणी सोडून दिलं आणि इंजिन पुढच्या रविवारपर्यंत म्हणून झाकून ठेवलं. तो रविवार आपल्याकडे बहुधा पावसाळ्यानंतर उगवतो. म्हणून पाण्यावर चाचणी घ्यायला निघण्याआधी कूलंटचा डबा आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणून ठेवावा. ते हाताशी नसतील, तर त्या दिवशी इंजिन सुरू करण्याची घाई करू नये.